भ्यायचं तर मोठ्यानं

माझ्या भाचीनं आयुष्यात एकही भीती एकटीनं भोगलेली नाही. चार माणसं गोळा केल्याशिवाय तिला घाबरताच येत नाही. तुम्ही-आम्ही भीती वाटली की आवंढा गिळतो, खिशात हात घालतो, उगाच घड्याळाकडे बघतो. ही मात्र पाणी सुटल्याची वर्दी द्यावी तशी आपली भीती गावभर जाहीर करते. सातवीत असताना शाळेच्या कार्यक्रमात तिला राणी केलं होतं. पडदा उघडला, समोर अख्खं नेरे गाव मांडी घालून बसलेलं, आणि राणीसाहेबांचं पहिलं वाक्य आलं, "मला लई भ्या वाटतंया. वाईच थांबा." गाव थांबलं. राणीसाहेबांनी डोळे मिटून बोटांवर दहा आकडे मोजले, मुकुट सारखा केला आणि मग असं काही भाषण ठोकलं की प्रधान झालेला मुलगा आपलं वाक्य विसरला. विहिरीत पोहायला शिकली तेव्हाही तसंच. काठावरून "भ्या वाटतंयाऽऽ" असं ओरडत तिनं उडी घेतली आणि तो शेवटचा 'या' पाण्याखालून बुडबुड्यांसकट वर आला. दात काढायला नेली तर बाहेरच्या बाकावर बसून तिनं भीतीचं इतकं खुलासेवार वर्णन केलं की दोन पेशंट नंबर सोडून घरी गेले. दात मात्र तिनं निमूट काढून घेतला. हिंजवडीचा रस्ता तर ती अजूनही हात वर करून, "ओ दादा, थांबा, भ्या वाटतंया!" असं ओरडतच ओलांडते. पोलिसाच्या शिट्टीला दाद न देणाऱ्या कंपनीच्या गाड्या तिच्यापुढे गपकन थांबतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी तिचा मामा. माझं शेजारच्या नांदे गावात औषधांचं दुकान आहे आणि माझा स्वभाव त्या दुकानासारखाच आहे. सगळं कपाटात, काचेच्या आड, मागितल्याशिवाय काही बाहेर यायचं नाही. तरुणपणी मी नर्सिंगला गेलो होतो, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. मुलगा नर्सिंगला जातो याचंच तेव्हा नवल होतं, पण आमचे वडील, आबा, पारावर छाती काढून सांगायचे, "पोरगं मान्सं बरी कराया शिकतंया, त्यात लाजायचं काय?" दोन महिन्यांत मी बोचकं घेऊन परत आलो. का आलो, हेही गावाला ठाऊक आहे. आबांना कावीळ झाली, घरी करायला कुणी नव्हतं, गुणी मुलगा शिक्षण सोडून आला. पुढे फार्मसी केली, दुकान काढलं. आबा काविळीतून तीन आठवड्यांत उठले, पण त्यानंतर जगले तेवढी वर्षं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत राहिले, "माझ्या दुखण्यानं पोराचं शिक्षान बुडालं." आणि मी काउंटरमागे गोळ्यांची पाकिटं नीट लावत उभा असायचो.

भाचीनं बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म भरला तो या गोष्टीच्या जोरावर. "मामाचं ऱ्हायलं, ते मी करनार," असं तिनं जाहीर केलं, अर्थात मोठ्यानं. पहिल्या वर्षी शरीररचना हा विषय असतो आणि त्यासाठी नर्सिंगच्या मुलींना शेजारच्या मेडिकल कॉलेजच्या शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये नेतात. मुलींना स्वतः चिरफाड करायची नसते. शिक्षक उघडून दाखवतात, नावं सांगतात, मग एकेकीला हात लावून ओळखायला लावतात. पण टेबलावर असतो तो माणूस. आणि आमच्याकडे बायका-पोरींनी स्मशानात जायचं नाही. तिनं आयुष्यात मेलेला माणूस जवळून पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी दारातच तिला औषधाचा तो डोळ्यांत शिरणारा वास आला, पांढऱ्या चादरीखालून बाहेर आलेली पावलं दिसली, आणि ती खाली बसली. विशेष म्हणजे एक शब्द न बोलता.

त्यानंतर जो घोळ झाला तो फक्त आमच्या भागातली माणसंच करू जाणोत. माझ्या बहिणीनं फोनवर बजावलं, "मढ्याला शिवलीस, आता न्हाल्याबिगर जेवू नगंस, आन् तोंडात लिंबाचा पाला धर." झालं. हॉस्टेलच्या आवारात कडुलिंबाचं एक झाड होतं. हॉलमधून आलं की ही आधी पाला चावायची, मग डोक्यावरून आंघोळ. खोलीतल्या मुलींना वाटलं, हिच्या मामाचं औषधाचं दुकान आहे, हिला माहीत असणार. त्या तिच्या मागे. त्यांच्या मागे बाकीचा मजला. शरीररचनेच्या दिवशी दुपारी बारा वाजता चाळीस मुली तोंड कडू करून, खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमपुढे रांगेत उभ्या, आणि साडेबाराला टाकी रिकामी. रेक्टरबाईंनी आधी प्लंबर बोलावला, मग गळती शोधली. शेवटी झाडाच्या खालच्या फांद्या बोडक्या दिसल्या तेव्हा त्यांना उलगडा झाला. तोवर भाचीला अशी सर्दी झाली होती की हॉलमधला वासही तिला येईना. पण भीती नाकाला नव्हती, त्यामुळे ती काही गेली नाही. टेबलाजवळ उभं राहायची वेळ आली की ती सगळ्यांच्या मागे सरकायची. शरीररचनेच्या बाईंनी बजावलं, पुढच्या आठवड्यापासून एकेकीनं पुढे येऊन दाखवायचं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला आधी राँग नंबर वाटला. "मामा, खरं सांग. तू पन त्या हॉलमदी गेला हुतास. तुला भ्या वाटलं हुतं का?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. पण नसतं तरी मी तेच म्हणालो असतो. मी म्हणालो, "न्हाई."

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. मी त्या हॉलमध्ये चार मिनिटं होतो. पाचव्या मिनिटाला मागच्या दारानं बाहेर पडलो, गटाराच्या कडेला ओकलो, आणि नंतरचे सगळे वर्ग चुकवत बागेत बसून राहिलो. हजेरी भरेना, कॉलेजवाले घरी कळवू म्हणाले, तेवढ्यात आबांच्या काविळीची चिठ्ठी आली. चिठ्ठी वाचून मला आनंद झाला होता. बापाच्या आजारपणाचा आनंद. तो मी इतकी वर्षं कपाटात, काचेच्याही मागे ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी भाची पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर हजर. "मामा, मी सोडलं. तुला भ्या वाटलं न्हाई आन् मला वाटतंया, म्हंजी मीच कच्ची." हे ती अगदी शांतपणे म्हणाली. दंगा करून घाबरणारी पोर आतल्या आत घाबरायला लागली होती, आणि ते तिला मी शिकवलं होतं, एका शब्दात.

मी शटर ओढलं आणि म्हणालो, "बस गाडीवर. कॉलेजपर्यंत सोडतो. तिथं गेल्यावर सोडायचं का धरायचं ते तू ठरव." खरं म्हणजे मला तिच्या तोंडाकडे न बघता बोलायचं होतं, आणि स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. पण हेल्मेटचा विचार मी केला नव्हता. हिंजवडीच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं ठप्प झालं तिथं मी हळूच सुरुवात केली, "मी तुला खोटं बोललो."

"काय?"

"खोटं बोललो!"

"ऐकू येईना, मामा!"

मग मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "मला भ्या वाटलं हुतं! मी पळून आलो! आबांची कावीळ निमित्त हुती!" शेजारच्या कंपनीच्या गाडीची काच खाली झाली आणि आतून गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला एक मुलगा हिंदीत काळजीनं विचारू लागला, "अंकल, सब ठीक है ना?" मी म्हणालो, ठीक आहे. मागून खांद्यावर हात आला.

"आबांना सांगितलं हुतंस?"

"न्हाई."

"सांगायचं हुतंस," एवढंच ती म्हणाली आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत गप्प बसली. ती इतका वेळ गप्प राहिलेली मी तोवर पाहिली नव्हती. फाटकापाशी उतरली, पिशवी माझ्याकडे दिली. "हितंच थांब. जाऊ नगंस." मी म्हणालो, "आणि हे कुणाला..." "प्रयत्न करते," ती म्हणाली. तिच्या पोटात काही राहत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

आत काय झालं ते तिच्या मैत्रिणींनी मला नंतर चढाओढीनं सांगितलं. ती हॉलमध्ये शिरली, थेट टेबलाच्या डोक्याशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, मला लई भ्या वाटतंया." मग मागून एकजण म्हणाली, "मला पण." मग दुसरी. असं म्हणतात की जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला. भाची मग टेबलावरच्या म्हाताऱ्याकडे वळली. "आजोबा, तुमचं पन भ्या वाटतंया. पन तुमी शिकवाया आलाय, तवा मी हात लावते." तिनं बोटांवर दहा आकडे मोजले, हातमोजे चढवले आणि बाईंनी विचारलं ते हृदय दोन्ही हातांत असं घेतलं, जसं पहिल्यांदा तान्हं मूल घेतात. उजवा कप्पा, डावा कप्पा, झडपा, रक्त कुठून येतं, कुठं जातं, सगळं सांगितलं. एक नाव चुकलं. बाईंनी दुरुस्त केलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मी फाटकाबाहेर दीड तास पिशवी धरून उभा होतो. ती आली ती नाक लाल आणि मान ताठ. माझ्या छातीवर डाव्या बाजूला बोट टेकवून म्हणाली, "मामा, हे मुठीएवढं असतं. मी धरलंया."

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात इंजेक्शन देण्याआधी पेशंटला सांगते, "मला पन सुईचं भ्या वाटतं, चला, दोघं मिळून भिऊ," आणि रडकी पोरं दंड पुढे करतात. त्या बाई आता दर वर्षी हॉलच्या दारात नव्या मुलींना आधी विचारतात, कुणाला भीती वाटते, मोठ्यानं सांगा. हे मी गिऱ्हाइकांना औषधाबरोबर फुकट सांगतो. काही जण तर दुसऱ्या दुकानात जायला लागलेत.

पण गेल्या पितृपक्षात आमच्या घरी आबांचं पान वाढलं होतं. पंगतीत कुणीतरी हळहळलं, "म्हाताऱ्याला त्या काविळीचं लई लागलं हुतं. पोराचं शिक्षान..." माझी नजर भाचीकडे गेली. खिरीचं भांडं हातात, चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज जाईल अशी ती पोर तशीच उभी होती. मग काही न बोलता मोरीकडे निघून गेली. तीन वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं. माझ्यासाठी. तिला ते किती जड जात असेल हे मला तेव्हा दिसलं.

म्हणून हे लिहिलं. छापून आलं की पहिल्यांदा तिलाच देणार आहे, आणि ती नेऱ्याच्या घरी सगळ्यांना बसवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, खड्या आवाजात वाचून दाखवील, यात मला शंका नाही. मीही बसेन, पुढच्या रांगेत. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते आबा तेवढे तिथं नसतील.