काकूंचा सोफा

मदन महल वस्तीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचं प्रत्येक वाक्य ‘अच्छा’ने सुरू होतं. आपल्या क्रीम रंगाच्या सोफ्यावर त्या कुणाला चहासुद्धा पिऊ देत नाहीत. त्याच सोफ्यावर बसलेली असताना माझ्या लेकीला पहिल्यांदा पाळी आली. रक्ताचा डाग पाहून ती रडायलाच लागली. मी घाबरून गरम पाणी मागितलं.

“अच्छा, गरम पाण्यानं डाग पक्का होते जी.” काकूंनी आधी तिचे कपडे बदलवले, मग थंड पाण्यात मीठ घालून फडकं तिच्याच हाती दिलं. “घासू नको बेटा, टिपत राहा. काहून रडून राहिली? माझं तर सासूच्या गादीवर झालं होतं!”

लेक रडता रडता हसली. डागही फिका होत गेला.

हल्ली काही मनातलं असलं, की ती माझ्याआधी काकूंना सांगते.