भाचीनं निवडलेला टॅब

चहा संपेपर्यंत कुणी हसणार नसाल तर सांगतो. तसा माझ्या बायकोनं हा किस्सा निम्म्या नेवाशात आधीच पोचवलाय, तेव्हा उरलेल्या निम्म्याला मीच सांगितलेला बरा.

ऋतुजा माझी भाची. पाथर्डीकडच्या गावातली, नगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावी झाली तेव्हाच दाजी तिचं लग्न उरकायला निघाले होते. मी मध्ये पडलो. म्हटलं, डिग्री हातात येईपर्यंत स्थळाचं नाव काढायचं नाही, हा माझा शब्द. दाजींनी ऐकलं, आणि तेव्हापासून पोरीच्या लेखी मामा म्हणजे देव. आता देवानं काय करावं? गप्प बसावं. पण मला मेली हौस!

पहिल्या वर्षाला तिला छान मार्क पडले, म्हणून टॅब द्यायचं ठरवलं. दुकानात गेलो तर भिंतभर टॅब. सगळे काळे, सगळे सारखे. दुकानदार रॅम म्हणाला, स्टोरेज म्हणाला, मी नुसती मान हलवत राहिलो. मग डोकं चाललं. जिला द्यायचा तिलाच विचारावं, पण तिला पत्ता लागू न देता.

लावला फोन. म्हटलं, ओळखीच्या एका मुलाला टॅब घ्यायचाय, तू जरा निवडून दे.

"कोण मुलगा?" तिनं विचारलं.

एका थापेला टेकू द्यायला दुसरी थाप लागतेच. मी म्हटलं, आपल्यातलाच आहे, तुझ्यासारखाच इंजिनिअरिंगला आहे, निर्व्यसनी आहे, घरची बागायत आहे. बागायत कशाला सांगितली, मला आजही कळत नाही.

"मग मला कशाला विचारता, मामा?"

"अगं, तुझी पसंती तीच त्याची पसंती."

पलीकडे शांतता. मला वाटलं, रेंज गेली. म्हणून आणखी मोठ्यानं सांगितलं, की रविवारी गावी ये, आम्ही येतोय, तेव्हा कळेल सगळं. आणि जरा बरा ड्रेस घाल, फोटो काढायचेत.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला कळलं, मला नव्हतं कळलं.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. टॅबचं नाव आणि पुढे दोनच शब्द, 'हाच घ्या'. दुकानदार म्हणाला, काका, हा नका घेऊ, लई अडकतो, आणि मग आम्ही परत घेत नाही. मी हसलो. म्हटलं, जाणकार माणसानं सांगितलंय. तो तीनदा म्हणाला, मी तीनदा हसलो.

रविवारी ताईच्या दारात उतरलो तर अंगणात सडा-रांगोळी, दाजी इस्त्रीच्या कपड्यात, शेजारी त्यांचे थोरले भाऊ. ताईनं लगेच पोहे आणले. मी बायकोला म्हटलं, बघ, मार्कांचं केवढं कौतुक आहे या घरात.

दाजी रस्त्याकडे नजर लावून होते. म्हणाले, "बाकीची मंडळी मागून येत्यात व्हय?"

"नाही, आम्ही दोघंच."

"मग त्यो पोरगा? ऋतुजा म्हणत हुती त्यो, बागायतवाला?"

घास तोंडातच राहिला. बायकोनं कपाळाला हात लावला. तिला माझ्याआधी कळलं, नेहमीप्रमाणे.

आत गेलो. ऋतुजा हॉस्टेलला परत जायला बॅग भरून कॉटवर बसलेली, डोळे सुजलेले. म्हणाली, "दुसऱ्या कुणी स्थळ आणलं असतं तर मी भांडले असते, मामा. तुमच्याशी कसं भांडू?"

एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, स्थळ नाही, पोरगा नाही, टॅब हिलाच आणलाय. माझा शब्द होता तोच आहे, ही डिग्री पुरी करणार. थोरल्या भावांनी मान डोलावली. दाजी मात्र हिरमुसले. "लई चांगला हुता पोरगा," म्हणाले.

ऋतुजानं डोळे पुसले, हसली, खोकं उघडलं. आणि तसंच परत बंद केलं.

"काय झालं? तूच निवडलास ना?"

"मामा, मी त्या मुलासाठी निवडला होता. बाजारातला सगळ्यात भंगार टॅब कोणता, ते अख्ख्या हॉस्टेलला विचारून काढलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिला सोबत घेऊनच दुकानात गेलो. तिनं चांगला टॅब निवडला, मी तोंड उघडलं नाही. पहिला अर्थातच दुकानदारानं परत घेतला नाही, तो आता माझ्याकडे असतो. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, ते बघायला मी त्यावर पंचांग उघडतो. पान दिसेपर्यंत बायको चंद्र बघून, उपास सोडून, भांडी घासून झोपलेली असते.