उघड्या हाताने

आमच्या कॉलेजातले बायोकेमिस्ट्रीचे सर कुणाशी हात मिळवत नसत. प्रिन्सिपलनी हात पुढे केला तरी हे लांबूनच नमस्कार करायचे. लोक त्यांना शिष्ट म्हणत. माझी फिजिक्सची लॅब शेजारीच, त्यामुळे कारण मला माहीत होतं.

"जीनची नक्कल म्हणजे आरएनए. पेशी त्याले कापते अन् जोडते," ते सांगायचे. "कुठं कापाचं, हे त्याच्यावरच्या बारक्या रासायनिक खुणाही ठरवतात. त्या खुणाच मी शोधून राह्यलो. आपलं उघडं बोट लागलं का आरएनए तुटते, गरम झालं तरी सारं खलास." म्हणून हातात कायम रबरी मोजे. लोडशेडिंगच्या दिवसांत सिंदी मेघेहून लुनाला बर्फाची लादी बांधून आणायचे आणि फ्रीझरमधल्या आरएनएच्या नळ्यांभोवती रचायचे.

नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला आइस्क्रीम आलं. प्रिन्सिपलनी नळ्या काढायला लावून ते फ्रीझरमध्ये ठेवलं. सर आले तेव्हा नळ्या खिडकीत, उन्हात होत्या.

"अजी, एवढं काय झालं? परत ठेवून द्या, गोठून जाईन," प्रिन्सिपल म्हणाले.

सरांनी मोजे काढले. उघड्या हाताने एकेक नळी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. कित्येक वर्षांचं काम होतं ते. मग सभागृहात जाऊन त्यांनी प्रिन्सिपलशी, पाहुण्यांशी हात मिळवला. आइस्क्रीम मात्र छान घट्ट होतं.

आता ते सगळ्यांशीच हात मिळवतात. स्टाफरूम खूश आहे.

"सर आता माणसात आले," म्हणतात.