कॉम्प्रेसर रूमचं दार

आधीच सांगतो, मी भुताखेतांच्या गोष्टी मानणारा नाही. आमच्याकडे देवचार, राखणदार सगळं मानतात, पण मी डिप्लोमा केलेला माणूस. असला विषय निघाला की मी उठून जायचो.

मालवण बंदराजवळ एक बर्फाचा कारखाना आहे, नाव देत नाही. मी, दिलीप, तिथे सुपरवायझर. बर्फ करायला अमोनिया लागतो आणि तो गळला तर माणूस मिनिटात गुदमरतो. तीन वर्षांपूर्वी आमचे जुने ऑपरेटर बाबलकाका कॉम्प्रेसर रूममध्ये असेच गेले. 'मास्क न मागता, स्वतःच्या हलगर्जीपणाने आत शिरले' असं चौकशीत नोंदवलं गेलं. त्यानंतर त्या दाराच्या कड्या काढायला लावल्या. आता ते नुसतं ढकलायचं दार आहे.

गेल्या खंडेनवमीची दुपार. पाने-हातोड्यांबरोबर गॅसचा मास्कही आम्ही पूजेला मांडला होता... हळदकुंकू, झेंडूचा हार. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही, हा आमचा नेम. हार कॉम्प्रेसरलाही घातला होता, पण तो चालूच. बोटी बर्फासाठी खोळंबलेल्या, शेठचे फोनवर फोन.

तेवढ्यात वास आला. आत व्हॉल्व्ह गळत होता.

"माका मास्क देवा, दादा," नवा ऑपरेटर राजन म्हणाला. "त्याशिवाय मी आत जावचंय नाय."

मी चिडलो. "पूजेतलो आसा तो. दोन मिनटांचा काम. तोंडाक फडको बांध आनी जा."

नवी नोकरी, घरी पोटुशी बायको. बिचारा निघाला.

दार हलेना. त्याने खांदा लावला, मीही लावला — आतून कुणी पाठ टेकून उभं असल्यासारखं. मग खोकला ऐकू आला. आणि दाराच्या अगदी पलीकडून आवाज...

"मी मास्क मागितललंय रे, दिलीपा."

"आत कोण आसा?" राजनने मला विचारलं.

मी भयंकर घाबरलो. त्याचा हात धरून फाटकापर्यंत पळालो. मागे धडाड् करून पाइप फुटला.

अग्निशमनवाले मास्क लावून आले. त्यांच्यातल्या एकाने दार एका हाताने उघडलं. आत कोणी नव्हतं. गॅसच्या दाबाने अडलं असेल, असं एक इंजिनिअर म्हणाला. असेलही. पण बाबलकाकांचा तो आवाज? राजनने तर बाबलकाकांना कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्यानेही तेच शब्द ऐकले.

आता खरं सांगतो. चौकशीतलं ते वाक्य मी लिहून दिलं होतं. काकांनी मास्क मागितला होता. तो कपाटात कुलूपबंद, चावी शेठकडे कणकवलीला. 'दोन मिनटांचा काम' असं मी त्यांनाही म्हटलं होतं. स्वतःची लाज वाटते मला.

दिवाळीआधी मी नवा जबाब दिला आणि तो वाचून दाखवायला बाबलकाकांच्या घरी काकींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं.

"माका ठावक होता," त्या म्हणाल्या. "पण मगे तीन वर्सां कित्याक गप रवलंस?"

त्या दाराचं काय ते मला आजही कळलेलं नाही. काकींना काय उत्तर द्यायचं, तेही नाही.