फळ्यावरचा पाऊस

नाना हात वर करायचे आणि अख्खा मोटारस्टँड गप्प व्हायचा. हात म्हणजे काय, नुसती दोन बोटं, खडूनं पांढरी झालेली. चहावाला स्टोव्हची हवा सोडायचा, हमाल विडी हातातच धरून थांबायचे. एखादं मूल रडत असलं तर ते तेवढं रडत राहायचं, त्याला कोण सांगणार. समोर मारवाडी शेटजींचं कापडदुकान, त्यात रेडिओ. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की हवामान सांगायचे. तेवढा वेळ स्टँडावर नानांचं राज्य असायचं.

आमचं गाव धुळ्याच्या पश्चिमेला, साक्रीच्या वाटेवर. नाना तिथं कंट्रोलर होते. कोणती गाडी कधी सोडायची, कोणती थांबवायची, हे त्यांच्या हातात. मी दाराशी टोपली घेऊन बसायचे. केळी, पेरू, भाजलेल्या शेंगा. ते मूळचे चोपड्याचे, केळीच्या मुलखातले, त्यामुळं माझ्या केळ्यांना त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. "अक्का, ही केळी आहेत की मिरच्या?" असं रोज विचारायचे आणि रोज न घेता जायचे. मीही म्हणायचे, "नाना, तुम्ही चोपड्यालाच जाऊन खा."

रेडिओवर ऐकलेलं ते गाड्यांच्या वेळापत्रकाखाली काळ्या फळ्यावर लिहायचे. अक्षर असं की मोत्याची ओळ. मला लिहिता-वाचता काही येत नव्हतं. एकदा पावसात गिऱ्हाईक नव्हतं, तर फळ्यासमोर उभं करून म्हणाले, "हे प. याला काना, पा. पुढं ऊ. मग स." आयुष्यात मी वाचलेला पहिला शब्द पाऊस. पुढं फळ्याफळ्यानं वाचायला शिकले, लिहायला त्याहून उशिरा.

आमच्या लोकांची एक गंमत सांगते. रेडिओवर कोकण म्हणायचे, विदर्भ म्हणायचे, मराठवाडा म्हणायचे, खान्देश काही म्हणायचे नाहीत. डोंगराकडची माणसं रुसून बसायची. एक म्हातारा तर दर वेळी म्हणायचा, "आपलं नाव लिधंच नही त्यास्नी."

नाना त्याला समजावायचे, "बाबा, मध्य महाराष्ट्र म्हणजे आपण."

"ते पुनं शे ना?"

"पुणं, नगर, नाशिक, सगळं. आणि त्यातच आपण."

म्हातारा मान हलवायचा. त्याला ते कधीच पटलं नाही. आज वाटतं, त्याचंच बरोबर होतं.

नाना रेडिओला इतके चिकटले त्याला कारण होतं. डोंगराच्या अंगाला आठ-दहा कोसांवर गावं, तिकडं जाणारी एकच गाडी. सकाळी नऊला जायची, दुपारी परत. मध्ये नदी, आणि नदीवर पूल नाही, नुसती फरशी. पाणी आलं की फरशीवरून जायचं. एका पावसाळ्यात स्वच्छ आभाळ पाहून नानांनी गाडी सोडली. पाऊस वर डोंगरात पडला होता. गाडी फरशीच्या मधोमध आणि लोंढा आला. गावकऱ्यांनी दोर टाकून माणसं काढली, सगळी वाचली. पण नानांनी त्या दिवसापासून आभाळावरचा विश्वास काढला आणि रेडिओवर ठेवला. फळ्यावर 'जोरदार' लिहिलं की दुसऱ्या दिवशी डोंगराची गाडी बंद. कोणी कितीही गयावया करो.

आता त्या आठवड्याचं सांगते. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आश्विन महिना, कापूस फुटायला लागलेला, बाजरी खळ्यात. नानांची एकुलती एक मुलगी त्याच डोंगराकडच्या गावात दिलेली. पहिलटकरीण. सातव्यातच माहेरी आणायची, पण सासूचा हात मोडला म्हणून पोर राहिली. नववा लागला तेव्हा जावयाची चिठ्ठी आली, मंगळवारच्या गाडीनं आणतो.

सोमवारी नाना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अक्का, केळ्यांची एक फणी द्या."

मी म्हटलं, "मिरच्यांची?"

"तिला आवडतात. कशीही असोत," म्हणाले आणि चक्क हसले. दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगून ठेवलंय, घरात खाट आणून टाकलीय, हे सगळं त्यांनी मला उभ्या उभ्या दोनदा सांगितलं.

त्याच संध्याकाळी रेडिओवर आलं. मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पाऊस, काही ठिकाणी जोरदार. नानांची बोटं वर होती, ती जरा उशिरा खाली आली. मग फळ्यापाशी गेले आणि रोजच्यासारखं लिहिलं. मी ते वाचलं. शेवटचा शब्द वाचून मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते बोटांवरचा खडू पुसत होते.

मंगळवारी गाडी गेली नाही. आभाळ भरलेलं, पण पाऊस म्हणाल तर नुसती झिमझिम, माझ्या टोपलीवरचं फडकंही भिजलं नाही. संध्याकाळी रेडिओवर पुन्हा तेच. बुधवारी गाडी बंद. शेटजी ओट्यावरून म्हणाले, "कंट्रोलरसाब, तुमचा पाऊस गाडी चुकला काय?" लोक हसले. नानाही हसले, पण फळ्याकडं पाहून.

चहावाला हळूच म्हणाला, "नाना, त्या गाडीनं ताई यायच्या ना?"

"म्हणूनच," नाना म्हणाले. "उद्या कोणी म्हणायला नको, स्वतःची पोर होती म्हणून कंट्रोलरनं गाडी सोडली."

गुरुवारी सकाळी गफूरभाई आला. डोंगराची गाडी तोच चालवायचा. दोन दिवस बसून अंग आंबलेलं. म्हणाला, "नाना, मी नुसता फरशीपर्यंत जातो. पाणी दिसलं तर तिथूनच फिरवतो. तुमची शपथ."

"मागच्या खेपेलाही पाणी आधी दिसलं नव्हतं, गफूरभाई."

"मग सायकलवर जाऊन बघून येतो."

"तुम्ही बघून याल तोवर वरून येईल. फळ्यावर लिहिलंय ना?"

गफूरभाईनं फळ्याकडं पाहिलं, त्याला वाचता येत नव्हतं. गाडीच्या चाकाला एक लाथ घातली आणि चहा प्यायला गेला.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास बैलगाडी आली. ती दवाखान्याकडं गेली नाही, नानांच्या घराकडं गेली नाही, सरळ स्टँडात शिरली आणि फळ्यासमोर उभी राहिली. जावई चाकाशी चालत होता, पायात वहाण नाही. गाडीत गोधडी, गोधडीवर पोर.

तीन दिवस त्यांनी मोटारीची वाट पाहिली होती. गुरुवारी दुपारी कळा सुरू झाल्या, सुईणीनं हात टेकले, तेव्हा बैल जुंपले. निम्मी वाट आल्यावर मूल झालं, ते रडलंच नाही. त्यानंतर तासाभरानं ती गेली. जाताना म्हणत होती, नानांकडं न्या. म्हणून गाडीवानानं तिला नानांकडं आणली. त्याला दुसरं काय सुचणार.

नाना आतून आले. ते चाकावर पाय देऊन वर चढले आणि तिच्याजवळ बसले. शेटजी दुकानातून अनवाणी खाली आले. कोणीतरी गाडीवानाला विचारलं, फरशी कशी ओलांडली, पाणी किती होतं? त्याच्या मनात काही नव्हतं. विचारलं तसं, फरशीजवळच्यांकडून ऐकलेलंही, त्यानं सांगितलं.

"घोटाइतलं व्हतं. कालबी तितलंच, परवाबी तितलंच."

नानांनी ते ऐकलं. मी चार हातांवर उभी होते, मी पाहिलं. ते तिच्या केसांवरून हात फिरवत होते, तो थांबला. बोटांचा खडू तिच्या केसांना लागला होता. ते सदऱ्याच्या बाहीनं तो पुसायला लागले. पुसत राहिले. भिजलेल्या केसांतून खडू निघत नाही हो. शेवटी मीच वर चढले आणि त्यांचा हात धरला.

नंतर पेपरात आलं म्हणे, पुणे-नगरकडं त्या आठवड्यात धो धो पाऊस झाला. म्हणजे रेडिओ खोटं बोलला नव्हता. पाऊस मध्य महाराष्ट्रातच पडला, आपल्याकडं पडला नाही, एवढंच.

चौदाव्या दिवशी नाना कामावर आले. संध्याकाळी हवामान लागलं तसा शेटजींनी उठून रेडिओ बंद केला. नाना म्हणाले, "असू द्या, शेटजी. लोकांना लागतं ते." शेटजींनी पुन्हा लावला. नाना आत जाऊन तिकिटांच्या पेट्या लावत बसले. बोटं वर करायला कोणी नव्हतं, तरी स्टँड गप्प राहिला. फळ्यावर त्यानंतर फक्त वेळापत्रक.

पुढचा पावसाळा आला तसे ते पहाटे सायकल काढायला लागले. दोन कोस फरशीपर्यंत. पाण्यात उतरायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, मग नदीच्या वरच्या वळणाकडं बघत थांबायचे. साडेआठला परत येत, धोतर मांडीपर्यंत भिजलेलं, आणि गफूरभाईला म्हणत, "जा." किंवा म्हणत, "आज नको." त्यांना ताप यायचा, खोकला जडला. मी एकदा म्हटलं, "नाना, एखाद्या माणसाला पाठवा की." ते म्हणाले, "अक्का, दुसऱ्याच्या सांगण्यावर मी एकदा राहिलो."

कोणी त्यांना दोष दिला नाही, जावयानंसुद्धा नाही. कोणी दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. माणसाला भांडायला समोर कोणी तरी लागतं.

नोकरी संपल्यावर बायकोला घेऊन ते चोपड्याला गेले. वर्ष-दीड वर्षानं शेटजींकडं पत्र आलं, नाना गेले. छातीतच पाणी झालं होतं. शेटजींनी पत्र मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि घडी करून परत दिलं.

त्याच आश्विनात भाचीकडं जायला मी डोंगराच्या गाडीत बसले. पाऊस लागला होता. फरशी आली तशी गफूरभाईनं गाडी उभी केली. मागून कोणी ओरडलं, "चल ना भो, पानी कुठे शे?" गफूरभाईनं पायजमा वर खोचला आणि खाली उतरला. चालत पलीकडच्या टोकाला गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. पाणी मोजायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो तसा उभा होता.