सिस्टरबाईंचा वॉफलचा साचा

रविवार, १ डिसेंबर १९६३. अकोला. सकाळी साडेआठ.
हजर: आई, आत्या, मधल्या खोलीत खाटेवर ताई. बाबा भाजीबाजारात. मी गिरणीवर.

ही नोंद मी त्याच दिवशी वहीत केली होती. तेव्हा मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि रोज सकाळी कामांची यादी करत होते. आता पंचेचाळिशी ओलांडली, तरी यादी करतेच. त्या दिवशी यादीत पाच कामं होती: गहू जाडसर दळून आणणे, ज्वारीचं पीठ कोंड्यासकट मोजून ठेवणे, ताक पुरेसं आंबट आहे का बघणे, शेगडी पेटवणे, ताईला उठवून बसवणे. पहिलं काम झालं आणि बाकीच्या यादीत काही अर्थ राहिला नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं सासर अमरावतीला. पोटाच्या दुखण्यासाठी ती तिथल्याच दवाखान्यात सहा आठवडे होती. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. का, ते त्यांनी बाबांना सांगितलं, बाबांनी मला. पुढे आम्ही दोघांनी ते कोणाला सांगितलं नाही. दोन महिने, फार तर तीन. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "जे खाईल ते द्या. खाल्लं तर शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाईल. नाही खाल्लं तर आताच खाटेला खिळेल."

ताईला न्हाणीघरापर्यंत स्वतः जायचं होतं. दुसऱ्याच्या हातून अंग धुवून घेण्याची तिला भयंकर लाज वाटे. पण खाणं होत नव्हतं. भात बघितला की तोंड फिरवायची. भाकरी समोर आली की म्हणायची, "एवढी मोठी? ही कधी संपायची?" चतकोर दिली तरी तेच.

दवाखान्यात तिच्या वॉर्डावर एक सिस्टर होत्या. चाळिशीच्या, बडनेऱ्याजवळच्या खेड्यातल्या. छप्पन साली त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या होत्या आणि तिथल्या मडमेनं मायदेशी जाताना आपला वॉफलचा साचा त्यांना दिला होता. बिडाच्या दोन गोल तबकड्या, आत चौकटी-चौकटींची नक्षी, एका बाजूला बिजागरी आणि दोन लांब मुठी. सिस्टरबाई दर रविवारी आपल्या क्वार्टरमध्ये त्यात वॉफल, म्हणजे चौकटी उठलेली जाडसर खुसखुशीत पोळी, करत. एका रविवारी फडक्यात बांधून एक ताईसाठी आणला.

ताईनं हातात घेतला, एक चौकट तोडली, तोंडात टाकली. मग दुसरी. मी मोजत होते. अकरा चौकटी खाल्ल्या.

"कसं काय गेलं गं?" मी विचारलं.

"तुझ्या यादीसारखं आहे," ताई म्हणाली. "एकेक काम वेगळं. समोर डोंगर दिसत नाही."

सिस्टरबाई हसल्या. "मास्तरीणबाई, बहीण तुमच्यापेक्षा हुशार हाय."

"ते घरात सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ताईनं नऊ चौकटी खाल्ल्या. तिला माहेरी अकोल्याला न्यायचं ठरलं, तेव्हा मी सिस्टरबाईंच्या क्वार्टरवर गेले आणि साचा मागितला. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. चुलीमागच्या खुंटीवरून साचा काढला, फडक्यानं पुसला, थोडा वेळ हातातच ठेवला.

"न्या. पण परत आणजा, बाई. मले दुसरा काही लाड नाही, रविवारचा हा एवढाच." मग त्यांनी सगळं सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. गव्हाचं जाडसर पीठ दोन वाट्या, ज्वारीचं एक वाटी, कोंडा काढायचा नाही. आंबट ताक, चिमूटभर सोडा, गुळाचं पाणी, चमचाभर तूप, एक अंडं. अंडं चालत नसेल तर ताक वाढवायचं. साचा दोन्ही बाजूंनी सारखा तापवायचा. पीठ घालून मिटला की उघडून बघायचं नाही. "फटीतून वाफ निघते. थे थांबली की झालं समजा." आणि शेवटी, "राखेनं घासू नोका. पाण्यात बुडवू नोका. तेलाच्या फडक्यानं पुसला की बस. दहा वर्षांचं तेल मुरलं हाय त्याच्यात, म्हणून चिकटत नाही."

साचा लुगड्यात गुंडाळून मी गाडीत मांडीवर घेऊन बसले. शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो. ताईला खाटेवर निजवलं आणि साचा स्वयंपाकघरात ठेवला. आत्या, म्हणजे बाबांची विधवा बहीण, आमच्याकडेच असायची आणि चुलीवर तिचा अंमल होता. तिनं लुगडं सोडून पाहिलं.

"हे काय आणलंस? कोणाचं?"

"दवाखान्यातल्या सिस्टरचं."

"कोण सिस्टर?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, बौद्ध आहेत हेही सांगितलं.

"आता तसं म्हणतात होय," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "अंडी घालत असेल त्यात."

"घालतात."

"मग झालं. उद्या अग्नी दाखवते त्याला. त्याशिवाय माझ्या चुलीवर नाही."

बाबांनाही त्या वर्षी डॉक्टरांनी अंडं सांगितलं होतं. त्यांचा अंड्याचा तवा मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेला असे. त्याला आत्यानं कधी अग्नी दाखवला नव्हता. हे मला तेव्हाच आठवलं होतं. मी बोलले नाही. ताई घरी आली होती, पहिल्याच दिवशी तिच्यासमोर वाद नको, असं मी स्वतःला सांगितलं. अग्नी दाखवणार म्हणजे जाळावर धरणार, एवढंच मी गृहीत धरलं.

सकाळी गिरणीवरून दळण घेऊन आले तर आई मोरीच्या दारात उभी होती. हात पदरात गुंडाळलेले. आत्यानं साचा चुलीतल्या निखाऱ्यांत पुरून लाल केला होता आणि चिमट्यानं बाहेर काढून त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं होतं. दोन तांबे. खालच्या तबकडीला बिजागरीपासून काठापर्यंत तड गेली होती. दहा वर्षांचं तेल जळून बीड राखाडी पडलं होतं.

"फुटलं वाटतं," आत्या म्हणाली. "हलकंच असेल."

"मी म्हटलं होतं, एकदा हिला विचारा म्हणून," आई म्हणाली. पण तिनं तसं म्हटलं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"मडमेची वस्तू, तिला आपली आग काहून सोसेल?" असं म्हणून आत्या आंघोळीला गेली.

तापलेल्या वस्तूवर एकदम गार पाणी पडलं तर ती का तडकते, हा धडा मी दिवाळीच्या आधीच वर्गात शिकवला होता. मुलींकडून व्याख्या पाठ करून घेतली होती.

तरी मी शेगडी पेटवली. पीठ भिजवलं, साचा तापवला, भरपूर तूप लावलं. तडीतून पीठ निखाऱ्यांवर गळायला लागलं आणि घरभर करपल्याचा वास सुटला. जे आत राहिलं ते असं चिकटलं की सुरीनं खरवडून काढावं लागलं. एक तुकडा त्यातल्या त्यात शाबूत निघाला. तो ताटलीत ठेवून मी ताईला उठवून बसवलं.

तिनं तीन चौकटी खाल्ल्या. "छान झालंय," म्हणाली. मग, "मघाशी काय वाजलं गं?"

"काही नाही. मोरीत तांब्या पडला."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी साचा घेऊन एका जिनिंग फॅक्टरीच्या फिटरकडे गेले. त्यानं बोटानं तड चाचपली.

"बीड जुळत नाही, बाई. लोखंड असतं तर जोडून दिलं असतं."

"नवीन ओतून मिळेल?"

"नग किती?"

"एक."

"एका नगासाठी भट्टी कोण पेटवते?" त्यानं साचा परत माझ्या हातात दिला.

घरी आम्ही दुसरे उपाय केले. तेच पीठ तव्यावर घालून धिरडी केली आणि सुरीनं चौकोन कापले. ताई बघून म्हणाली, "हे तर धिरडंच आहे." दोन चौकोन गेले. आईनं करंजीच्या कातण्यानं नक्षी काढून पाहिली. एक गेला. वहीत मी आकडे लिहीत होते: तीन, दोन, एक, एक, शून्य. मग लिहिणं बंद केलं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ताईचं अंग आई खाटेवरच पुसू लागली. त्या वेळी ताई भिंतीकडे तोंड करून असायची. संक्रांतीच्या चार दिवस आधी ती गेली.

साचा शाबूत राहिला असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी मुदत सांगितलीच होती. पण ते तीन आठवडे तिचे स्वतःचे राहिले असते.

फेब्रुवारीत मी सिस्टरबाईंना पत्र लिहिलं. ताई गेल्याचं कळवलं आणि पुढे लिहिलं की साचा माझ्या हातून पडून फुटला, क्षमा असावी. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं. त्यांच्या बोलण्यासारखंच लिहिलेलं होतं. "वस्तूचं काय घेऊन बसल्या. ताईले त्याच्यात करून खाता आलं का, थे कळवजा." मी कळवलं: हो, रोज खात होती.

म्हणजे दोन खोट्या गोष्टी. आत्याला जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा तिच्यासाठी लपवायचं असंही काही उरलेलं नाही. सिस्टरबाई निवृत्त होऊन मूर्तिजापूरला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहतात. पत्ता माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा तरी मी अकोल्याहून अमरावतीला जाते आणि गाडी मूर्तिजापूरला थांबते. साचा कसा फुटला एवढं सांगून भागणार नाही. आमच्या घरात तो आगीत का घातला गेला आणि आदल्या संध्याकाळी मी गप्प का बसले, हेही सांगावं लागेल. त्यांनी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी.

परवाच्या यादीत सात कामं होती. सहा झाली. "मूर्तिजापूरला उतरणे" हे सातवं आजच्या यादीत पुन्हा वर घेतलं आहे.