तराफ्याच्या पोटातलं पाणी

तुमच्या बाबांनी परवा फोनवर सांगितलं की तुमच्या तळ्यावरच्या होडीत पाणी शिरतंय. फोटोही पाहिला. खाली दोन लांब नळ्या, वर बसायचा मंच, आणि एक बाजू कललेली. तुम्ही हसत म्हणालात म्हणे, आजीला विचारा. मला त्यातलं थोडं कळतं. लग्नानंतर बरीच वर्षं मी अशाच दोन नळ्यांच्या तराफ्यावरून नदी ओलांडत होते, आणि एका उन्हाळ्यात त्यातलं पाणी शोधण्यापलीकडे आमच्या घराला दुसरा विषय नव्हता. ते क्रमाने लिहिते. तुमच्या उपयोगाचं त्यात जे असेल ते घ्या.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीत वाढले, तिथेच इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि वर साताऱ्याच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात सून म्हणून आले. गावाचा निम्मा ऊस पलीकडच्या तीरावर होता. डांबरी रस्ता आणि एसटी मात्र आमच्या तीराला. गावासमोर नदीला मोठा डोह, भर उन्हाळ्यातही पाणी डोक्याच्या वर. खालच्या अंगाला पायी ओलांडण्याजोगा उतार होता, पण तो शेवाळलेल्या खडकांचा. तिथून गडीमाणसं जात. बैलगाडीने पुलाला वळसा घालायचा तर दिवस जाई.

माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, फौजेत नदीवर तरंगते पूल टाकणाऱ्या तुकडीत होते. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. ते पेन्शनीत आले तेव्हा गावची लाकडी नाव कुजली होती. त्यांनी सांगलीच्या एका वर्कशॉपातून जाड पत्र्याच्या दोन गोल नळ्या करून आणल्या, वर लोखंडी चौकट जोडली आणि फळ्या ठोकल्या. नदीवर आडवी तार ताणली. ती तार हातांनी ओढत पलीकडे जायचं. दुधाच्या किटल्या, उसाच्या वाढ्यांचे भारे, म्हशी, वऱ्हाडं, सगळं त्यावरून जाई.

प्रत्येक नळीत आडवे पत्रे घालून तीन बंद खण केले होते, म्हणजे एका खणात पाणी आलं तरी बाकीचे तरंगत राहावेत. प्रत्येक खणाला वरून फिरवून बसवायचं आट्यांचं बूच. मामंजी रोज सकाळी बूच काढून आत ज्वारीचं वाळकं धाट घालत. धाटाचं टोक ओलं आलं की त्या दिवशी तराफा बंद. नळीच्या पोटात पाणी असलं आणि माणसं एका बाजूला सरकली की ते पाणीही तिकडेच धावतं, मग तराफा सावरत नाही. फौजेत त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या साली उन्हाळा सुरू होताना धाट ओलं येऊ लागलं.

एरवी कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण माझी धाकटी नणंद पलीकडच्या गावात दिली होती आणि तिला दिवस गेले होते. तिची आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. एकदा ती उताराच्या खडकांवर घसरली होती आणि दुसऱ्यांदा बैलगाडीतून येताना वाटेतच त्रास सुरू झाला होता. सांगलीच्या डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं की या खेपेला गाडी नको, खडक नको, वेळेआधी सांगलीला आणून ठेवा. म्हणजे तिला तराफ्यावरून अलीकडे आणायचं आणि इथून मोटारीने सांगलीला न्यायचं. सातव्या महिन्यात माहेरी आणायचं दोन्ही घरांनी ठरवलं होतं.

तराफा बंद पडल्यावर ती संध्याकाळी पलीकडच्या काठावर येऊन उभी राही. डोहावरून आवाज छान यायचा.

"आबा, तुमचा तराफा लय पाणी पितोय. त्याला बी डोहाळं लागल्यात का?"

मामंजी हसत नसत. "तू घरला जा. वारं सुटलंय," एवढंच म्हणत.

तराफा काठावर ओढून वाळूच्या पोत्यांवर चढवला. जॅक लावून मागचं टोक उचलल्यावर एका खणातून घागरीच्या घागरी पाणी निघालं, गंजाने लालसर आणि कुजट वासाचं. मग तुमचे आजोबा ट्रॅक्टरच्या चाकाचा पंप घेऊन आले. बुचाच्या भोकातून आत हवा भरायची, ती बेताचीच, नाहीतर नळीचे सांधे उसवतात. बाहेरून सांध्यांवर रिठ्याचा फेस फासायचा. जिथून हवा निघेल तिथे बुडबुडे येतात. रिठे भिजवून फेस करायचं काम सासूबाईंचं आणि माझं. दोन ठिकाणी बुडबुडे आले, तिथे खडूने खुणा केल्या. वर्कशॉपातला वेल्डर बोलावला, त्याने झाळ लावली. तराफा पाण्यात लोटला. पहिले दोन दिवस धाट कोरडं आलं आणि मग माणसं चढू लागल्यावर पुन्हा ओलं.

पुन्हा वर काढला. पुन्हा हवा, पुन्हा रिठा. या खेपेला कुठेच बुडबुडा नाही. मामंजींनी नळीला कान लावून लावून पाहिलं. तुमचे आजोबा म्हणाले की पाणी थोडंसंच येतंय, एका खेपेपुरतं चालेल, सकाळी उपसून तिला घेऊन येऊ. गावातले दोघे-तिघेही तेच म्हणाले.

"माझ्या लेकीला मी पाणी भरल्याल्या नळीवर बसवायचं व्हय?" मामंजी म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटलं होतं.

उपाय स्वयंपाकघरात सापडला. सासूबाई चुलीमागची भिंत चुन्याने सारवत होत्या. मध्येच हळदीचा डबा हलवायला त्यांनी हात घातला आणि परत भिंतीला हात लागला, तर भिंतीवर लालभडक बोटं उठली. हळदीला चुना लागला की लाल होतं हे कुठल्या बाईला माहीत नसतं? पण सासूबाई त्या बोटांकडे बघत बसल्या आणि मला म्हणाल्या, "नळीला असं केलं तर गं?"

सांगलीच्या हळदपेठेतून माझ्या वडिलांनी पाखडलेली, किडकी हळद पोतंभर पाठवली. आम्ही सगळ्यांनी मिळून नळीवरचं जुनं डांबर खरवडून काढलं. ते फार चिवट काम. खाली कोरा पत्रा दिसेपर्यंत खरवडायचं. मग बाहेरून ताजा चुना आणि आत हळदीचं पाणी, तोंडोतोंड. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या नळीवर एका जागी लाल रेघ उमटली होती. चौकटीचा लोखंडी पाय नळीला जिथे जोडलेला होता, अगदी त्या कोपऱ्यात. मामंजी तिच्यासमोर उकिडवे बसले. माणसांचं वजन आलं की चौकट दबायची आणि ती चीर उघडायची. रिकामी असताना ती मिटलेली, शिवाय वर डांबराचा थर. हवेला ती सापडणार कशी? पाण्याच्या भाराने मात्र उघडली.

वेल्डर लग्नाला रहिमतपूरला गेला होता. तो येईपर्यंत थांबावं लागलं. आल्यावर त्याने आधी नळी पूर्ण कोरडी करायला लावली, पाय सोडवून चीर टोकापर्यंत मोकळी केली, वरून पत्र्याचं ठिगळ घालून चारी बाजूंनी झाळली आणि पाय दुसऱ्या जागी बसवला. पुन्हा हळद, पुन्हा चुना. नळी पांढरीच राहिली. मग नवं डांबर. तराफा पाण्यात लोटून त्यावर माणसांऐवजी वाळूची पोती रचली आणि तसाच ठेवला. धाट कोरडं. पुन्हा दुसऱ्या सकाळी कोरडं. सासूबाईंनी नारळ वाढवला. मृगाचा पाऊस सुरू झाला होता, नदीला तांबडं पाणी आलं होतं, पण अजून शांत.

आम्ही तिला आणायला गेलो, मामंजी, तुमचे आजोबा आणि मी. हिरवं लुगडं आणि बांगड्या माझ्याकडे होत्या. अंगणात तिची सासू गहू निवडत होती. तिने पाणी दिलं, गूळ दिला, आणि मग म्हणाली, "आवं पावणं, काल आठवा लागला. आता बाईनं नदी न्हाई वलांडायची. नववा लागू द्या, मग खुशाल न्या."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आठव्या महिन्यात गरोदर बाईने वेस किंवा नदी ओलांडायची नाही, असा त्या भागात रिवाज होता. त्या बाई दुष्ट नव्हत्या. आधीची दोन मुलं त्यांच्याही घरातली गेली होती, आणि या खेपेला त्यांना एकही नियम मोडायचा नव्हता. मी डॉक्टरीण बाईंचं सांगणं बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मामंजींकडे पाहिलं. तुमच्या घरात काय करता, असं त्यांनी विचारलं.

मामंजी बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. आमच्या घरातही तोच रिवाज होता. मी पहिल्या खेपेला सांगलीला गेले ती सातव्यातच, आणि तेव्हा दिवस मोजले होते मामंजींनीच.

"आमच्यातबी हेच हाय," ते म्हणाले.

माझी नणंद दाराशी उभी होती. पाय सुजले होते. मला म्हणाली, "वैनी, एक महिना तर हाय. लुगडं ठेवून जा, तवर मी बघून बघून जुनं करीन." आम्ही लुगडं ठेवून आलो. परतताना तराफा इतका हलका चालला होता की तुमच्या आजोबांना तार ओढायला जोर लावावा लागला नाही.

मग पाऊस लागला. वरच्या डोंगरात तो अखंड पडत होता आणि नदी रोज एक पायरी चढत होती. घाटाच्या भिंतीत एक काळा दगड आहे, त्याला पाणी लागलं की तराफा बांधायचा, हा मामंजींचाच नियम. तो दगड बुडाला. वाहून आलेल्या झाडांनी तार खाली ओढली आणि तीही पाण्यात गेली. डोहाच्या जागी नुसतं लाल, घोंघावणारं पाणी, त्यात कडब्याच्या पेंढ्या, एकदा एक मेलेली शेळी.

एका सकाळी पलीकडे आमचे जावई दिसले. धोतर काढून ते हवेत हलवत होते. ओरडत असावेत, पण नदीपुढे आवाज कसला येतोय? सगळ्यांना कळलं. वेळ आधीच आली होती.

मामंजींनी तराफ्याचे दोर सोडले. तुमचे आजोबा आणि गावातले दोन गडी समोर आडवे उभे राहिले, पण त्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मामंजी दोर हातात घेऊन पाण्याकडे पाहत राहिले. तारेशिवाय तराफा पहिल्या वळणापर्यंतही टिकला नसता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच दोर पुन्हा खुंट्याला बांधले, गाठ ओढून पाहिली, आणि तिथेच बसले.

नंतर कळलं की तिला बैलगाडीत घालून पुलाकडे काढलं होतं, पण ओढ्याला पाणी आल्यामुळे गाडी अर्ध्यातून माघारी फिरली. गावात सुईण होती. बाळ आडवं होतं.

दिवस मावळायच्या आत जावई पुन्हा काठावर आले. या वेळी त्यांनी काही हलवलं नाही. डोक्याचा पटका सोडून हातात घेतला आणि उघड्या डोक्याने उभे राहिले. मामंजी उठले, आपली टोपी काढली आणि तसेच उभे राहिले. मधून नदी चालली होती. सासूबाई घरात होत्या. त्यांना सांगायला मला जावं लागलं.

मूलही गेलं. मुलगी होती.

पाणी उतरायला श्रावण अर्धा गेला. नवी तार आणली, ताणली. पहिल्या खेपेआधी मामंजींनी मला घाटावर बोलावलं. त्यांनी एक बूच काढलं, धाट आत घातलं, बाहेर काढून माझ्या हातात दिलं.

"बघ गं सूनबाई. कोरडं हाय का?"

"कोरडं आहे, मामंजी."

मग दुसरं बूच, तिसरं, आणि पलीकडच्या नळीची तिन्ही. दर वेळी त्यांनी विचारलं आणि दर वेळी मी तेच उत्तर दिलं. महिनाभराच्या पुरात खुंट्याला बांधून राहिलेल्या त्या नळ्यांत थेंबभर पाणी शिरलं नव्हतं.

आम्ही पलीकडे गेलो तर विहीणबाई काठावर बसल्या होत्या. मांडीवर गाठोडं होतं. त्यात हिरवं लुगडं, बांगड्या आणि माझ्या नणंदेने शिवलेली दुपटी. ते आमच्या घरी पोचवायला निघाल्या होत्या. मी हात दिला, त्या फळ्यांवर बसल्या. मामंजी तार ओढू लागले. निम्मी नदी मागे पडली. मग विहीणबाईंनी फळीवरून खाली नळीकडे पाहिलं.

"आता पीत न्हाई न्हवं पाणी?"

"न्हाई पीत," मामंजी म्हणाले, आणि तार ओढत राहिले.